किनाऱ्यावर कचरा दिसला की पाहुणे काय करतात? पडवीतून पाहिलेलं

केवडावाडी · रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते.

दापोली तालुक्यात आमचं घर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, सगळेच ओळखीचे. मागे पोफळी, पुढे सुरूचं बन, त्यापलीकडे पुळण. आठ वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून आले आणि आईच्या हाताखाली चार खोल्यांचा होमस्टे चालवायला शिकले. पडवीतल्या बाकावर बसलं की किनाऱ्याकडे उतरणारी पायवाट सरळ दिसते. त्यामुळे नको असलं तरी माणसं बघितली जातात.

'पर्यटक घाण करतात' हे मीही शंभरदा म्हटलंय. पण गेले दोन हंगाम मी वेगळंच बघायला लागले आहे. आधीच पडलेला कचरा दिसल्यावर माणूस काय करतो? आमची पायवाट संपते तिथली पहिली पन्नास पावलं नेहमीच वाईट असतात. गाड्या तिथे लागतात. शहाळीवाला, कणीसवाला, भेळेची गाडी, सगळे तिथेच.

बहुतेक जण काहीच बोलत नाहीत. थांबतात, नाक मुरडतात आणि डावीकडे चालू लागतात. सगळे डावीकडेच, कारण उजवीकडे खडक आहेत. दोनशे पावलांवर स्वच्छ वाळू लागली की सतरंजी पडते. तक्रार नाही, भांडण नाही, नुसता काढता पाय. दुपारपर्यंत ती जागाही घाण होते आणि संध्याकाळचे लोक चारशे पावलांवर जातात. मे संपेपर्यंत आमचा किनारा दक्षिणेला सरकलेला असतो म्हणा ना.

दुसरे फोटोवाले. फोन तिरका करतात, आणि तरीही एखादी बाटली मध्ये येत असेल तर पायाने सारतात. उचलत नाहीत, सारतात. बाटली चार फुटांवर जाते, फोटो झकास येतो, आमचं गाव नेटवर सुंदर दिसतं. पुढचे पाहुणे तोच फोटो बघून येतात आणि आईला विचारतात, "काकू, फोटोत तर असं नव्हतं!"

तिसरे पुरणारे. यांच्यावर माझा विशेष जीव आहे. वेफर्सचं पाकीट संपलं की इकडेतिकडे बघायचं, टाचेने खळगा करायचा, पाकीट आत, वरून वाळू. काही जण थापटूनसुद्धा घेतात. या माणसाला लाज नाही असं म्हणता येणार नाही. लाज आहे म्हणूनच तो पुरतो. ज्याला नाही तो उघड्यावर टाकतो. (पुरलेलं पहिल्या उधाणाला वर येतं, ते वेगळं.)

आणि मुलं. मागच्या महिन्यात एक सात-आठ वर्षांची मुलगी वाळूचा किल्ला करायचा सोडून बादलीत बाटल्यांची झाकणं गोळा करत होती. निळी एकीकडे, हिरवी एकीकडे. तिची आई आली, "शी, हात घाण होतील, टाक ते," म्हणाली आणि बादली ओतायला लावली. तिथेच. मी उठले होते, पण काय बोलणार? पाहुणे आपलेच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दर शुक्रवारी सकाळी मी, आई, शेजारचा दादा आणि त्याचा मुलगा ती पहिली पन्नास पावलं साफ करतो. ज्या शनिवारी ती साफ असतात त्या शनिवारी लोक पडवीशी येऊन विचारतात, "ताई, हे कुठे टाकू?" ज्या शुक्रवारी आमच्याकडून राहून जातं, त्या शनिवारी एकही जण विचारत नाही. गाड्या त्याच पुण्या-मुंबईच्या, माणसं तशीच. हे असं का होतं आणि याचा काही उपयोग करता येईल का, हे जाणत्यांना विचारायचं आहे. 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, ते मला पाठ आहे.

तिसरी_घंटा · रविवार, रात्री ११:०५

आपल्या लोकांना शिस्तच नाही. (मोह आवरला नाही, माफी असावी.)

खरं सांगू का, मागच्या डिसेंबरात कर्द्याला मी स्वतः बाटली पायाने सारून फोटो काढलाय. त्या फोटोला भरपूर बदाम मिळाले. आज हे वाचताना कान गरम झाले.

निवृत्त_मास्तर · सोमवार, सकाळी ६:५०

धागा आवडला. पस्तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

तुमच्या शुक्रवार-शनिवारच्या निरीक्षणाचा जुळा भाऊ १९९० च्या एका शोधनिबंधात आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि दोन सहकारी, अमेरिका. पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायपरखाली जाहिरातीचा कागद अडकवून ठेवायचा आणि मालक तो खाली टाकतो का ते लपून बघायचं. जागा कधी झाडून लख्ख, कधी मुद्दाम कागद पसरलेली. लख्ख जागेत १४ टक्के लोकांनी कागद खाली टाकला, पसरलेल्या जागेत ३२ टक्क्यांनी. माणूस तोंडाने काय मानतो त्यापेक्षा इथे बाकीचे काय करतात, हे तो जमिनीकडे बघून ठरवतो.

खरी गंमत पुढे आहे. त्यांनी आपलाच एक माणूस पेरला, तो समोरून चालत येताना डोळ्यांदेखत कागद टाकायचा. घाण जागेत हे पाहिल्यावर टाकणाऱ्यांचं प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलं. स्वच्छ जागेत मात्र ६ टक्क्यांवर उतरलं! स्वच्छ जागी एकानेच टाकलं की ते डोळ्यात खुपतं आणि 'इथे असं करत नाहीत' याची आठवण होते. पुढच्या एका प्रयोगात तर स्वच्छ ठिकाणी कलिंगडाची एकच मोठी साल ठेवली होती. पूर्ण स्वच्छ जागेपेक्षाही तिथे कमी लोकांनी कचरा केला.

पोफळीचं_फूल · सोमवार, सकाळी ९:१५

म्हणजे केवडाताईंनी शुक्रवारी पन्नास पावलं झाडायची आणि मधोमध कलिंगडाची फोड मांडून यायचं :)

आमच्याकडे ती फोड पाच मिनिटांत गुरं खातील, हा भाग वेगळा.

खाडीपलीकडे · सोमवार, दुपारी १:३०

मास्तर, प्रयोग छान आहे, पण पार्किंगला समुद्र नसतो. इथे निम्मा कचरा पर्यटक येण्याआधीच आलेला असतो. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, दर्या सगळं किनाऱ्यावर आणून ओततो. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी पुरात वाहतात तेव्हा वाटेतल्या प्रत्येक बाजारपेठेचा नाला त्यांना मिळालेला असतो. वर मुंबईच्या खाड्या आहेतच. गणपतीत आमच्या किनाऱ्यावर एकही पर्यटक नसतो आणि भरतीच्या रेषेवर चपलांचा, औषधाच्या बाटल्यांचा, थर्माकोलच्या चुऱ्याचा पट्टा पडलेला असतो. त्यात मे-जूनचे डांबराचे गोळे. ते काय पुण्याच्या गाड्यांनी आणले?

प्रत्येक वेळी पर्यटकाला धरून बडवणं सोपं आहे. तो दिसतो ना.

केवडावाडी · सोमवार, दुपारी ३:१०

@खाडीपलीकडे, दोन्ही कचरे वेगळे ओळखता येतात. आम्ही गोळा करताना दोन पोती ठेवतो. समुद्रातून आलेली बाटली उन्हाने पांढुरकी पडलेली असते, दाबली की कडकन तुटते. बऱ्याचदा तिच्यावर छोटे शिंपल्यासारखे जीव देठाने चिकटलेले असतात, म्हणजे ती बरेच दिवस तरंगत होती. कालची बाटली लेबलासकट चकचकीत. पाकिटावरची तारीख बघितली तरी कळतं. एकदा दादाच्या मुलाला त्याच्या जन्माआधीच्या तारखेचं बिस्किटाचं वेष्टन सापडलं. त्याने ते वहीत चिकटवून ठेवलंय.

तुमचं म्हणणं मात्र मान्य आहे. पावसाळ्यानंतर पहिल्या महिन्यात समुद्राचं पोतं जड, डिसेंबरनंतर पर्यटकांचं. आणि पहिल्या पन्नास पावलांत बारा महिने पर्यटकांचंच.

रापणकर_मालवण · सोमवार, रात्री ९:२०

तुमी लिवल्यात ता खरा हा. पण एक गजाल सांगतंय. आमी रापण ओढतो तेवा जाळ्यात मासळी कमी नि पिशये जास्त. भार इतको की ओढूक चार माणसा जास्ती लागतत. ता प्लास्टिक आमी वेगळा काढतो नि टाकतो खय? थयच, किनाऱ्यार. नेवचा खय? सकाळी पर्यटक येतत नि म्हणतत, गाववाले घाणेरडे. आमी म्हणतो, पर्यटक घाणेरडे. आमचे खलाशी पण पाण्याची पाकिटा दर्यातच टाकतत, खोटा कशाक बोला? तुटलली जाळी तर इचारूच नका, कासवाच्या गळ्यात अडकलली सोडवून दमलो.

तुमच्या दोन पोत्यांत आमचा तिसरा पोता पण धरा.

सागरी_विद्यार्थिनी · सोमवार, रात्री ११:४५

रापणकरकाका, तिसऱ्या पोत्याबद्दल एक गंमत सांगते. मी पर्यावरणशास्त्र शिकतेय. ब्रिटनमध्ये लोकांना किनाऱ्याचे फोटो दाखवून अभ्यास झाला आहे. कचरा दिसला की प्रसन्न वाटणं कमी होतं, हे अपेक्षितच होतं. पण कोळ्यांच्या दोर-जाळ्यांपेक्षा लोकांनी फेकलेल्या वेष्टनांनी जास्त मन खट्टू झालं. प्लास्टिक दोन्हीकडे. दोर बघून माणसाला होडी आठवते, पाकीट बघून शेजारी.

धंद्याचं बोलायचं तर दोन अभ्यास आठवतात. पहिला दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचा, २००० मधला. किनाऱ्याच्या दर मीटरला १० मोठ्या वस्तू पडलेल्या असतील तर परत याल का, असं विचारलं. ४० टक्के परदेशी पर्यटक नाही म्हणाले, आणि देशातल्यांपैकी ६० टक्के. म्हणजे जवळचं गिऱ्हाईक आधी जातं. कोकणात तर सगळं गिऱ्हाईक जवळचंच: पुणं, मुंबई, कोल्हापूर, सांगली.

दुसरा दक्षिण कोरियातल्या गोजे बेटाचा. तिथे २०११ च्या जुलैत मुसळधार पाऊस पडला, नद्यांनी कचरा समुद्रात नेला, समुद्राने तो बेटाच्या किनाऱ्यांवर आणला. बरोबर आपल्यासारखं. आदल्या वर्षी सुमारे ८ लाख ९० हजार लोक आले होते, त्या वर्षी ३ लाख ३० हजार. बेटावरच्यांनी तो टाकलाच नव्हता, पण रिकाम्या खोल्या त्यांच्याच.

केवडावाडी · मंगळवार, सकाळी ७:३०

'रिकाम्या खोल्या त्यांच्याच' हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाहुणा कधी सांगून जात नाही, नुसता परत येत नाही.

ते खरंय. आठ वर्षांत किनाऱ्याच्या घाणीबद्दल तोंडावर बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी सोलकढीचं कौतुक केलं, बिल दिलं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाला गेले. त्यांतल्या एका वहिनींनी मला बाजारात भेटल्यावर ओशाळून सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर आम्ही अजून घावनाच्या चटणीत काय चुकलं ते शोधत बसलो असतो.

घाटावरची_सई · मंगळवार, सकाळी ११:००

कोल्हापूरहून लिहितेय. पर्यटक म्हणून आमचीही बाजू ऐका. आम्ही कचरा गाडीत पिशवीत ठेवतो. पण दोन दिवसांनी ती पिशवी टाकायची कुठे? मागच्या वेळी तीन गावं विचारत आलो. एकाने सांगितलं, मागच्या परड्यात ठेवा, संध्याकाळी पेटवतो. ते पेटवणार असतील तर मी इतकं सांभाळून नेलं कशाला? शेवटी घरी घेऊन आलो. नवरा म्हणाला, कोकणातून लोक आंबे आणतात, आपण कुरकुरीत पाकिटं आणली.

तर साधा प्रश्न, किनाऱ्यावर डबे का नसतात?

खाडीपलीकडे · मंगळवार, दुपारी १२:२०

होते ना. आमच्याकडे बसवले होते, नाव रंगवून, फोटो काढून. शनिवारी दुपारी चारला भरतात. पाचला कावळे आणि कुत्री उपसतात. सहाला वारा सुटतो. भरलेला डबा म्हणजे 'इथे टाकायचं असतं' अशी पाटीच, लोक त्याच्या पायाशी रचत जातात आणि मनाने मोकळे होतात. मास्तरांच्या प्रयोगातली घाण जागा आम्ही स्वतःच्या पैशाने तयार केली.

बसवाला_बंडू · मंगळवार, दुपारी ३:४०

सहली नेतो. ४५ सीटांची बस, दोन रात्री, हरिहरेश्वर-दिवेआगर नाहीतर गुहागर-वेळणेश्वर-हेदवी. कचऱ्यावरून भाषण करून बघितलं. लोक टाळ्या वाजवतात, खाली उतरतात आणि टाकतात. मग भाषण बंद केलं.

आता किनाऱ्यावर उतरायच्या आधी दर दोन रांगांना एक मोठी पिशवी देतो. परत आल्यावर पिशव्या भरून आल्याशिवाय चहाचं पातेलं उघडायचं नाही, असं आचाऱ्याला सांगून ठेवलंय. रांगारांगांत चुरस लागते. एकदा एक आजोबा दुसऱ्यांनी टाकलेलं उचलून आणत होते, रांग हरू नये म्हणून. डब्यापेक्षा चहा भारी.

बाटलीबंद पाणीही बंद केलं. वीस लिटरचे जार, ज्याची त्याची बाटली. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, आता कोणी विचारतही नाही.

मी_साधा_माणूस · मंगळवार, रात्री ८:१५

सगळं ठीक, पण कायदा आहे ना? २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली, दंड पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने आत. करा ना वसूल. दोन गाड्यांची पावती फाडली की तिसरी गाडी सरळ.

खाडीपलीकडे · मंगळवार, रात्री ८:५०

@साधा माणूस, ती बंदी नीट वाचा. पिशव्या, थर्माकोलची ताटं, चमचे, स्ट्रॉ त्यात आले. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. पण कारखान्यातून पॅक होऊन येणारं वेफर्सचं पाकीट त्यात नाही. किनाऱ्यावर सगळ्यात जास्त उडतं तेच, आणि त्याला भंगारवालाही हात लावत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि चांदीसारखा थर असे एकावर एक चिकटवलेले असतात, सुटे होत नाहीत. दंड कोणाला बसतो? कांदे-बटाटे पिशवीत देणाऱ्या म्हातारीला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. या, पुड्या दाखवतो, रंगीबेरंगी.

सिगारेटची थोटकं तर कोणी कचऱ्यात धरतच नाही. त्यातला कापसासारखा दिसणारा भाग कापूस नसतो, सेल्युलोज अ‍ॅसिटेट असतं, प्लास्टिकच. पुरणाऱ्यांमध्ये हे पहिल्या नंबरावर.

गुळाचा_खडा · बुधवार, सकाळी १०:०५

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

(पर्यटकांच्या राज्यांवरून लिहिलं होतं. संपादकांनी उडवायच्या आधी मीच उडवलं.)

निळावंती · बुधवार, सकाळी ११:३०

दंडाऐवजी पैसे परत देऊन बघा. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये सरकारी दारूच्या दुकानांनी बाटलीमागे १० रुपये जास्त घ्यायला सुरुवात केली. रिकामी बाटली परत आणली की १० रुपये परत. जंगलात काचा पडून हत्तींचे पाय कापत होते म्हणून हे झालं. स्वतः नेऊन दिलीत तर तुमचे पैसे, फेकलीत तर उचलणाऱ्याचे.

आपल्या किनाऱ्यांवर अनवाणी चालताना काच लागलेली किती माणसं माहीत आहेत मला. रात्री बसतात, सकाळी वाळूत तळ फुटलेली बाटली उभी.

केवडावाडी · बुधवार, दुपारी २:२०

निळावंतीताई, हे गावपातळीवर करून बघण्यासारखं आहे. आमच्या टोकाला टपऱ्या तीनच. तिघांनी पाण्याच्या बाटलीमागे पाच रुपये जास्त घेतले आणि परत आणल्यावर दिले, तर? शहाळीवाल्या काकांशी बोलते. ते म्हणतील, भांडणं कोण निस्तरणार. बघू.

सागरी_विद्यार्थिनी · बुधवार, दुपारी ४:००

एक विनंती. साफ करताना सगळंच ओढून नेऊ नका. भरतीच्या रेषेवरचं शेवाळ, काटक्या, वाळलेला पाला हा कचरा नाही, किनाऱ्यावरचे जीव त्यावर जगतात. आणि वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची मर्यादवेल असते तिला तर हातच लावू नका, वाळू धरून ठेवते ती. काही ठिकाणी ट्रॅक्टरने किनारे खरवडताना बघितले, पोटात कालवलं. आत्ता कासवांचाही मोसम आहे, वरच्या वाळूत घरटी असू शकतात.

पोफळीचं_फूल · बुधवार, संध्याकाळी ६:३०

कासवांवरून आठवलं. वेळासला पिल्लं सोडताना बघायला गेले होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे घरटी राखायचं काम सुरू केलं, हे तेव्हा कळलं. पहाटे किनाऱ्यावर केवढी तरी माणसं, सगळी दोरीच्या मागे, आणि एक पाकीट पडलेलं नाही. तीच माणसं हो, आदल्या दिवशी वाटेत धाब्यावर कप फेकणारी. मी विचार करत होते, इथे काय वेगळं आहे? राहायला सगळे गावातल्या घरांत. ज्यांच्या घरी रात्री जेवलो तेच सकाळी दोरी धरून उभे. त्यांच्यासमोर कसं टाकणार?

तिसरी_घंटा · बुधवार, रात्री १०:१०

आमच्या ऑफिसने मागच्या सप्टेंबरात किनारा सफाई केली होती. त्या महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी जगभर करतात ना, ती. तीन बस, सगळ्यांना एकसारखे टीशर्ट, टोप्या, हातमोजे (प्लास्टिकचे), नाश्ता खोक्यात, पाणी बाटलीत. दीड तास सफाई, अर्धा तास फोटो. निघताना स्वागताचा फ्लेक्स सुरूच्या दोन झाडांना तसाच. मी काढायला गेलो तर बस सुटत होती.

एक मात्र सांगतो, त्या दीड तासानंतर मला रस्त्यावर कागद टाकता येत नाही. हात अडतो. म्हणून नुसती चेष्टा पण करवत नाही. वर्सोव्याला २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी सुरुवात केली तेव्हा बरोबर किती जण होते? मग २०१८ मध्ये तिथे कासवाची पिल्लं दिसली. फरक इतकाच की ते दर आठवड्याला गेले, आम्ही वर्षातून एकदा.

केवडावाडी · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:५५

उशीर झाला, हंगाम सुरू आहे. काय काय झालं ते सांगते.

बाटलीचे पाच रुपये: दोन टपऱ्या तयार झाल्या, तिसरी नाही. मग लोक तिसऱ्या टपरीवरच्या बाटल्या या दोघांना आणून द्यायला लागले. शहाळीवाले काका पहिल्याच रविवारी तोट्यात. आता झाकणावर मार्करने खूण करतात. बाटल्यांचं म्हणाल तर त्या टोकाला पडलेली बाटली दिसली की शाळेतली पोरं झडप घालतात. पाहुणे उडालेली बाटली पकडायला धावतात, हे मी पहिल्यांदा बघितलं.

डबा नाही ठेवला. त्याऐवजी गाड्या लागतात तिथे, पडवीच्या नजरेच्या टप्प्यात, दोन पोती अडकवली. किनाऱ्यावर काही नाही. परत गाडीकडे येताना हातातलं टाकतात. सगळे नाही. पुरणारे अजून पुरतातच.

आणि पन्नास पावलं आता मंगळवारीही झाडतो. कलिंगड ठेवलेलं नाही, मास्तर.

दुखणं वेगळ्याच ठिकाणी निघालं. गोळा झालेलं नेणार कोण? ज्यांनी गाडी पाठवायचं कबूल केलं होतं त्यांची गाडी आठ दिवस आली नाही. रस्त्याकडेला चौदा पोती. नवव्या दिवशी गुरांनी चार फाडली आणि वाऱ्याने सगळं परत सुरूच्या बनात. शनिवारी आलेल्या एका पाहुण्याने मला विचारलं, "तुम्ही गावकरी कचरा असा रस्त्यावर टाकता?" आई शेजारी होती म्हणून मी गप्प बसले.

रापणकर_मालवण · रविवार, रात्री १०:३०

बरा झाला गप ऱ्हवलंस तां. वेंगुर्ल्याक जावन बघ एकदा. थयल्या नगरपरिषदेन कचरो वेगवेगळो करून इकूक काढलो, प्लास्टिक रस्त्यात घातला, नि कचऱ्याचा डेपो बघूक माणसा येतत. वास येणा नाय. पण ती नगरपरिषद, आपली ग्रामपंचायत. गाडी खयची नि माणूस खयचो?

बसवाला_बंडू · सोमवार, सकाळी ८:००

केवडाताई, चार-पाच गावांनी मिळून एक टेम्पो ठरवा. भंगारवाला एका गावासाठी वाकडी वाट करून येत नाही, पण एका दिवसात पाच गावांचा माल मिळाला तर येतो. बाटल्या, जाड प्लास्टिक, दोर त्याला चालतात. पाकिटं नाहीत. पाकिटं वेगळी ठेवा, नाहीतर भाव पाडतो.

केवडावाडी · सोमवार, रात्री ९:१०

बोलले. खेडचा एक जण तयार आहे, महिन्यातून एकदा, किमान टेम्पोभर माल असला तर. म्हणजे महिनाभर पोती कोरडी ठेवायला जागा पाहिजे. आमच्या मागच्या पडवीत आता आंब्याच्या पेट्या येतील. कोणाकडे हर्णै ते केळशी पट्ट्यात रिकामी खोली, गोठा, काही आहे का?

खाडीपलीकडे · सोमवार, रात्री ९:४०

आमचा गोठा रिकामा आहे. गुरं विकून दोन वर्षं झाली. पण छप्पर गळतं.

रापणकर_मालवण · सोमवार, रात्री ९:५२

गळू दे मेल्या. प्लास्टिकाक काय सर्दी जातली?

केवडावाडी · सोमवार, रात्री १०:०५

@खाडीपलीकडे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. शुक्रवारी पहिली सहा पोती घेऊन येतो. पाकिटांची वेगळी आहेत, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.